सांगून आणलेलं औषध

जऊळका,
फेब्रुवारी १९७४

प्रिय विजू,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मंगळवारी आलं. तुझे दादा शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावत असतील त्या वेळी पोस्टमन दारात आला, आणि घरी पत्र आलं की वाचायचं काम माझं, हे तुला ठाऊकच आहे. बाबा ओसरीवर बैलाचं दावं वळत होते, आई तूर पाखडत होत्या. दोघांनीही हातातलं काम ठेवलं नाही, पण कान इकडंच होते. मी मोठ्यानं वाचायला लागले. नागपूरला थंडी आहे, खोलीतल्या मुलीला कावीळ झाली, इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग तू लिहिलेलं आलं, की तू कॉलेज सोडतेस, महिनाअखेर सामान घेऊन कायमची घरी येतेस, आणि धनजच्या त्या तहसिलातल्या कारकुनाच्या स्थळाला होकार कळवून टाका. मी सगळं वाचलं. थांबून वाचलं असतं तर त्यांना जास्त लागलं असतं, म्हणून भराभर वाचलं.

बाबांनी दाव्याला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाले, "पोरगी थकली असंन. येऊ दे. आपुन का तिले तिथं बांधून ठेवलं?" आईंना आधी आनंदच झाला. "म्या तवाच म्हनलं होतं, पोरीच्या जातीले इतकं शिकून कायले पायजे? धनजचा पोरगा चांगला हाय, नोकरीवाला हाय." असं म्हणत त्या उठल्या आणि चुलीपाशी गेल्या. थोड्या वेळानं मी आत गेले तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या. काहून रडता म्हणून विचारलं तर म्हणाल्या, धूर हाय. चूल तर पेटलेलीच नव्हती. तुझ्या दादांनी संध्याकाळी पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि जेवलेच नाहीत. तुझ्यावर रागावले असं समजू नकोस. त्यांना राग आला की ते जास्त जेवतात, हे तुझ्याइतकं मलाही माहीत आहे.

मी तुला उपदेश करायला बसलेली नाही. सातवी शिकलेली बाई डॉक्टरीण होऊ घातलेल्या पोरीला काय उपदेश करणार? नाकापेक्षा मोती जड व्हायचा. आणि जे तू लिहिलंस ते वाचून मला तुझा राग आलाही नाही. वर्गात सर हजेरी घेताना राखीव जागेवरच्या मुलांची नावं वेगळी घेतात, प्रश्न आधी त्यांनाच विचारतात, आणि उत्तर आलं नाही की सगळ्या वर्गाकडं बघून हसतात. जेवणघरात तू बसलीस की शेजारची ताट उचलून पलीकडं जाते. मढ्यावर शिकायला चार-चार मुलं लावतात, तर तुझ्याबरोबरची तीन तुला पुस्तक वाचायला सांगतात आणि हत्याराला हात लावू देत नाहीत. तुम्ही सरकारचे जावई, तुम्हाला काय, नापास झालात तरी पास, असं म्हणतात आणि तू खरंच एका विषयात नापास झालीस तेव्हा पेढे मागतात. त्या हसणाऱ्या सरांच्या नावानं मी दोन दिवस मिरच्या कुटल्या, बाई. इतक्या कुटल्या की घरभर सगळी खोकत होती. पण मिरच्या कुटून नागपूरचे सर सुधारत नाहीत.

इकडची खुशाली अशी. दुष्काळ सरला, यंदा ज्वारी बरी झाली, रेशनच्या त्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीतून एकदाची सुटका झाली. बाबांचा गुडघा दुखतो. धाकटी आता पहिलीत आहे आणि बाहुलीच्या छातीला दोरीचा तुकडा लावून ती ‘विजूआत्या’ झालेली असते. कोणी आजारी नसलं तरी ती सगळ्यांना जीभ बाहेर काढायला लावते. परवा कोतवालालाही लावली. पौर्णिमेला विहारात वंदनेला सगळ्या बाया जमल्या होत्या, मी गेले नाही. फार वेळ मांडी घालून बसवत नाही. विहिरीवरचं पाणीही आता थोरला आणतो. कंबर दुखते, एवढंच. माझं म्हणशील तर बाकी बरं आहे.

दवाखान्याचं विचारलं होतंस मागच्या पत्रात. बाजाराच्या गावचा तो दवाखाना आहे तसाच आहे. पुढं तेच निंबाचं झाड, त्याच पायऱ्या. नवे डॉक्टर आले आहेत, तिकडं पश्चिमेकडचे. चांगले आहेत, ओरडत नाहीत. आपल्या माणसाला हात लावायला लागू नये म्हणून जुन्या कंपाउंडरनं आपल्याला पायरीखालीच उभं करायची जी रीत पाडली होती ती त्यांनी काही सांगितलेली नाही, पण मोडलेलीही नाही. तू तिकडं मोठ्या दवाखान्यात राहून विसरली असशील, म्हणून लिहिते. आपल्याकडं बाईला दवाखान्यात नेत नाहीत, बाईचं दुखणं नेतात. घरचा पुरुष जातो, तिला काय होतंय ते सांगतो, कंपाउंडर वरून बाटलीत औषध ओततो आणि बाटली घरी येते. बाई घरीच असते, फार तर निंबाखाली पदर तोंडावर घेऊन बसलेली असते. सांगून औषध आणणं, म्हणतो आपण. हे काही आपल्याच वस्तीत आहे असं नाही, कुणबीपाटलांकडंही असंच. फरक इतकाच की त्यांचा माणूस आत खुर्चीवर बसून सांगतो आणि आपला पायरीखालून. बाई नवऱ्याला अर्धं सांगते, नवरा लाजेनं त्यातलं पाव सांगतो, आणि राहिलेलं डॉक्टर आपल्या मनानं भरतात. मग बाईला काय झालंय ते कळायचं कुणाला?

डॉक्टरांना दोष देऊन काय उपयोग? त्यांच्या घरातली कोणी आई-बहीण कधी त्या निंबाखाली बसलेली नाही. ती काय लपवते, काय सांगायला लाजते, हे त्यांना पुस्तकात कोणी शिकवलं नसेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं? बाई डॉक्टरची जागा मंजूर आहे म्हणतात, गेली कित्येक वर्षं मंजूर आहे. पण शहरातली मुलगी इथं कशाला येईल? आली तरी बदलीचा अर्ज बरोबर घेऊनच येईल. आणि आपल्यातली तर अजून कोणी झालीच नाही.

पावसाळ्यातली गोष्ट सांगते. तुला मुद्दामच लिहिली नव्हती. तांड्यावरची हिरीबाई आठवते ना, आपल्याकडं सुगीला यायची ती, हातभर पांढऱ्या बांगड्यांची. ती बाळंत झाली. मूल झालं, पण वार पडली नाही. तिचा नवरा सोमला चिखल तुडवत दवाखान्यात आला. त्या दिवशी मी तिथंच निंबाखाली होते, म्हणून मला हे माहीत आहे. तो पायरीशी हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "बायकोले ताप हाय, सायेब. लय ताप हाय." काय झालंय ते त्याला ठाऊक होतं. घरातल्या बायांनी त्याला सांगूनच पाठवलं असणार. पण ती गोष्ट परक्या पुरुषापुढं तोंडातून काढायची कशी? डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? तो म्हणाला, ताप हाय. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं. पुढच्या बाजारीही मी तिथं होते, तेव्हा तो पुन्हा आला, भरलेली बाटली घेऊन. पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "कामी नाई आलं, सायेब. दुसऱ्या कुनाले द्या." मग तसाच निघून गेला. डॉक्टर दारात येऊन बघत राहिले, त्यांना काही उमजलं नाही. ते कंपाउंडरला विचारत होते, हा माणूस औषध परत का देतो आहे?

विजू, त्या दिवशी तिथं बसून मला तू आठवलीस. मोठेपणची तू नव्हे, मी नवी सून होते तेव्हाची, परकर खोचून हिंडणारी. माझं पहिलं पोर पोटातच गेलं होतं आणि मी नुसती पांढरीफटक पडले होते. तुझे दादा तेव्हा नुकते मास्तर झाले होते, अठरा-वीस वर्षांचं पोरच. मी निंबाखाली, आई माझ्या बाजूला, आणि ते पायरीशी उभं राहून सांगत होते की घरात अशक्तपणा आहे. तू आईच्या हातातून सुटलीस, पायऱ्या चढलीस आणि थेट आत टेबलापाशी जाऊन ओरडलीस, "डाक्टरसायेब, अशक्तपना नाई हाय! माह्या वहिनीच्या अंगावरून लय रगत जाऊन राह्यलं. तिचं लुगडं म्या धुतो, मले मालूम हाय!" कंपाउंडर धावून आला, पोरीले खाली काढा म्हणून. तुझ्या दादांना तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण तेव्हाचे ते म्हातारे डॉक्टर खुर्चीवरून उठले, पायऱ्या उतरले आणि निंबाखाली आले. माझे डोळे खाली ओढून बघितले, नाडी बघितली, आणि बैलगाडीनं लगेच वाशीमला पाठवलं. घरी आल्यावर आईंनी तुला काय बडवलं! घराची लाज वेशीवर टांगली म्हणून. त्या दिवशी तू लाज धरली असतीस तर आज ही पोरं नसती, हे पत्रही नसतं. तुझे दादा ती गोष्ट कधी बोलत नाहीत. पण तुला डॉक्टर करायचं हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, हे मी त्यांच्या तोंडून एकदा ऐकलेलं आहे.

आता माझं लिहिते. मघाशी बरं आहे म्हणून लिहिलं ते नेहमीचं. निंबाखाली त्या दिवशी मी काय करत होते, असं तुझ्या मनात आलंच असेल. गेल्या उन्हाळ्यापासून मला पुन्हा अंगावरून जातं. पाळीचं नाही, कधीही जातं, आणि त्याला वास येतो. लुगडी मी सगळ्यांच्या आधी उठून धुते. माझं अंथरूण मी पोरींच्या खोलीत नेलं. तुझ्या दादांना वाटलं, मी कशावरून तरी रुसले आहे. बरेच दिवस त्यांनी माझी समजूत घातली, मग तेही मुकाट झाले. मी त्यांना सांगितलं, कंबर दुखते. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, कंबर दुखते. डॉक्टरांनी कंबरेच्या गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या. आईंना थोडं बोलून बघितलं तर त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीले येवढं चालतेच. माह्यं का कमी झालं? कायले सांगत फिरतं?" अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, म्हणतात ना. माझ्या वाट्याला तर जावईही नाही, गावातल्या सगळ्यांना ओळखणारा परका माणूस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आणि गंमत बघ, नवऱ्यानं मला शिकवलं, मी वर्तमानपत्र वाचते, शेजारणींना शहाणपण सांगते, गेलेल्या हिरीबाईसाठी घरी येऊन रडले. आणि स्वतःचं तोंड काही उघडलं नाही.

संक्रांत झाल्यावर तालुक्याला कुटुंबनियोजनाचा कॅम्प भरला. तिथं बाई डॉक्टर येणार असं कळलं. मी तुझ्या दादांना म्हटलं, मला न्या. सगळ्या वाटेनं मी मनात शब्द जुळवत होते, कुठून सुरुवात करायची, काय आधी सांगायचं. बाई तरुण होत्या, गोऱ्या, घड्याळ बघत होत्या. बाहेर रांग केवढी! त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. झोपा म्हणाल्या, तपासलं, आणि त्यांचा हात एकदम थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्या नर्सकडं वळून इंग्रजीत बोलायला लागल्या. मला काही कळणार नाही अशा खात्रीनं बोलल्या. ‘टू लेट’ असं म्हणाल्या. बाकीचं मला खरंच कळलं नाही, पण जन्म स्टेशनाच्या गावात गेला, लेट म्हणजे काय हे मला कळतं. मग त्यांनी हात धुतले आणि तुझ्या दादांना व्हरांड्यात बोलावून घेतलं. माझं दुखणं माझ्या नवऱ्याला सांगितलं, मला नाही. आधी इथून तिथं सांगून जात होतं, आता तिथून इथं सांगून आलं.

ते परत आले तेव्हा तोंडावर हसू होतं. "काई नाई, काई नाई. नागपूरले एकदा दाखवून येऊ. साधी तपासनी हाय." एस.टी.च्या स्टँडवर त्यांनी संत्री घेतली. जो माणूस लग्न झाल्यापासून चारचौघांत माझ्याशी धड दोन वाक्यं बोलला नाही, त्यानं सगळ्या स्टँडसमोर बाकावर बसून मला संत्र्याची एक-एक फोड सोलून दिली. शिरा काढून, बिया काढून. मी खात गेले. गाडी आली तेव्हाही ते सोलतच होते.

तर हे पत्र कशासाठी लिहिलं ते आता लिहिते. येत्या रविवारी आम्ही दोघं निघतो. इथून अकोल्यापर्यंत छोट्या गाडीनं, पुढं मोठ्या गाडीनं, आणि सोमवारी सकाळी तुझ्या कॉलेजच्या दवाखान्यात. महिनाअखेरीची वाट न बघता तू आधीच निघायचीस आणि आपली वाटेतच चुकामूक व्हायची, म्हणून घाईनं लिहिते आहे. तू पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलंस, मी इथून गेले तर कुणाचं काही अडणार नाही. माझं अडतं, विजू. तुला अजून सगळं शिकवलेलं नाही, तू मला बरी करू शकणार नाहीस, हे मला कळतं, आणि ते मी मागतही नाही. तू फक्त आत राहा. मी जे कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगीन, आपल्या बोलीत, सगळं, काही न गाळता. तू ते त्यांना त्यांच्या भाषेत सांग, आणि ते काय म्हणतात ते मला सांग, जसंच्या तसं. एवढं झालं की मग तुला वाटेल ते कर. धनजला लग्न करायचं असेल तर कर, मी अडवणार नाही. अडवायला असेन असंही नाही. मात्र तुझ्या दादांसमोर डोळ्यांत पाणी आणू नकोस. त्यांना वाटतं, मला काही कळलेलं नाही. त्यांना तसंच वाटू दे.

तुझीच,
भागिरथा वहिनी